वासावरून पीक शोधणारी कीड: सोलापूर भागातून वारंवार येणारे प्रश्न

मोहोळ, सांगोला, मंगळवेढा, माढा इकडून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवलेत. प्रश्न आले तशा भाषेत ठेवलेत, फक्त शिव्या गाळल्या आहेत. औषधाचा डोस इथं मिळणार नाही. तो डब्यावरच्या लेबलवर असतो, आणि तो वाचायचा असतो.

१. किडीला खरंच वास येतो का? तिला नाक कुठंय?

नाक नाही, मिशा आहेत. पतंग, माशी, भुंगेरा, कोणीही घ्या, डोक्यावरच्या दोन मिशांवर बारीक केस असतात आणि त्या केसांना डोळ्याला न दिसणारी छिद्रं. वासाचे कण त्यातून आत शिरतात. पतंग रात्री उडतो, अंधारात त्याला तुमची तूर आणि शेजाऱ्याची तूर डोळ्यानं वेगळी कळत नाही. त्याचा लांबचा सगळा कारभार या मिशांवर चालतो.

२. मोगऱ्याला वास असतो हे पटतं. ज्वारीला कुठला वास?

कडबाकुट्टीवर हिरवं कडवळ घालताना जो कच्चा, गोडसर वास उठतो, तोच. पान चिरलं की झाडातल्या स्निग्ध द्रव्यांपासून हेक्झेनॉल, हेक्झेनल असली हलकी रसायनं तयार होऊन हवेत सुटतात. कापलेल्या गवताला, कुस्करलेल्या मेथीला जो ‘हिरवा’ वास येतो तो यांचाच. न कापलेलं झाडही थोडाथोडा वास सोडत असतं. आपल्या नाकाला तो कळत नाही, किडीच्या मिशांना कळतो. झाड फुलावर आलं, पाण्याच्या ताणावर गेलं, किडलं, की हा वास बदलतो. पुढची बरीच उत्तरं या बदलण्यावर आहेत.

३. मग कीड तो वास पकडून शेतात पोचते कशी?

वाऱ्याच्या उलट दिशेनं उडून. उदबत्तीचा धूर बघा. तो सगळीकडं सारखा पसरत नाही, तुटक तुटक दोऱ्यांनी वळवळत जातो. पिकाचा वासही वाऱ्यावर तसाच जातो. पतंगाला एक दोरा लागला की तो वाऱ्याच्या तोंडावर पुढं सरकतो. दोरा सुटला की आडवा, डावीउजवीकडं भिरभिरत पुन्हा शोधतो. म्हणून सापळा वाऱ्याच्या दिशेचा विचार करून लावायचा. बांधावर जागा मोकळी दिसली म्हणून तिथंच ठोकला, असं करू नका.

४. म्हणजे वास आवडला की कीड बसली, असंच ना?

नाही, आणि हा गैरसमज निघाला तर खालचे निम्मे प्रश्न उरणार नाहीत. वास म्हणजे पत्ता. पत्ता सापडला म्हणून माणूस त्या घरात मुक्काम करतोच असं नाही. मादी जवळ आली की रंग आणि आकार बघते. पानावर उतरली की पायांनी चव घेते. फुलपाखरू पानावर पुढचे पाय टपटप आपटतं ते त्यासाठीच. पानाची लव, मेण, चिकटपणा अंडी घालायच्या अवयवानं चाचपते. इतकं जमलं तरच अंडं. यातल्या कुठल्याही पायरीवर ती परत फिरू शकते.

म्हणून वासाचा उपयोग किडीला कुठं बोलवायचं आणि ती कधी आली हे कळण्यासाठी चांगला होतो. वासाची भिंत घालून तिला अडवायला गेलात तर बहुधा पदरी निराशा.

५. घाटेअळीला तूर, हरभरा, टोमॅटो, सूर्यफूल सगळंच कसं चालतं? तिला पत्ता लागत नाही का?

किडींचे ढोबळ दोन प्रकार करा. काही एकनिष्ठ असतात. कोबीवरचा चौकोनी ठिपक्याचा पतंग कोबी-मोहरीच्या कुळाबाहेर फारसा जात नाही. मोहरी चावली की नाकात जी झणझण उठते ती द्रव्यं झाडानं किडींना हाकलायला बनवलेली असतात, पण या पतंगासाठी तीच घराची पाटी. हे जुनं ज्ञान आहे. व्हेरशाफेल्ट नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१० सालीच दाखवून दिलं होतं की कोबीवरच्या अळ्या, एरवी न खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूला मोहरीतलं ते द्रव्य लावलं की ती कुरतडायला लागतात.

घाटेअळीचा पतंग दुसऱ्या प्रकारातला. त्याला एका पिकाच्या वासाची गरज नाही. ‘इथं कोवळं आहे, फुलावर आहे’ एवढं सांगणारा वास पुरतो. म्हणून तूर फुलकळीत आली की सगळी वरात तिथं, आणि हरभरा फुलावर आला की तिकडं.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. घेवडावर्गीय पिकावरच्या काळ्या माव्यावर प्रयोग झाले, तेव्हा यजमान झाडाच्या वासातली काही द्रव्यं एकेकटी दिली की मावा लांब पळायचा, आणि तीच द्रव्यं नेहमीच्या प्रमाणात एकत्र दिली की जवळ यायचा. मीठ, तिखट, हळद वेगवेगळी हुंगून आमटी कळत नाही, तसंच.

६. कामगंध सापळ्यातला वास पिकाचाच असतो का?

नाही. कामगंध म्हणजे मादी नराला बोलवायला जो वास सोडते त्याची नक्कल. त्यात फक्त नर येतात आणि ज्या त्या किडीचं ल्युर, म्हणजे सापळ्यात ठेवायची वासाची गोळी, वेगळं. घाटेअळीचं ल्युर लावून लष्करी अळीचे पतंग मोजत बसू नका. पिकाच्या वासावर मुख्यतः मादी येते, कारण अंडी तिला घालायची असतात. फळमाशीचं प्रकरण या दोन्हींत बसत नाही, ते पुढच्या प्रश्नात.

७. पेरूत फळमाशीचे सापळे लावले. शेकड्यानं माश्या मेल्या, तरी फळात अळ्या. सापळा खोटा होता का?

सापळा खरा होता, त्यात नर मेले. त्या सापळ्यात मिथाइल युजेनॉल असतं. ते तुळशीत असतं, इतर बऱ्याच झाडांत, फुलांत असतं. नर ते चाटतो आणि त्याच्या शरीरात त्याचं मादीला भुलवणारं द्रव्य होतं. मादीला त्याचं फारसं देणंघेणं नाही.

हा शोध आपल्याच देशातला आहे. बिहारमधल्या पुसा इथं हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डास येऊ नयेत म्हणून सिट्रोनेला तेल लावलं, तर त्यावर फळमाश्याच येऊन बसतात, आणि त्यातले सगळे नर, हे त्यांनी १९१२ मध्ये नोंदवलं. मिथाइल युजेनॉलपर्यंत ते पुढच्या दोनतीन वर्षांत पोचले.

आता हिशेब. दहातले आठ नर मेले तरी उरलेले दोन पुष्कळ माद्या फळवतात. शिवाय शेजारच्या बागेत फळवलेली मादी उडत तुमच्याकडं येते. म्हणून हे सापळे एकट्यानं लावून भागत नाही. शिवारातल्या सगळ्यांनी, फळ पक्व व्हायच्या बऱ्याच आधी लावले आणि खाली पडलेली फळं रोज गोळा करून खड्ड्यात पुरली, तर फरक दिसतो. पडलेली फळं गोळा करणं हेच निम्मं काम आहे, आणि तेच कोणी करत नाही.

कारली, दोडका, काकडी असेल तर हे ल्युर चालणारच नाही. वेलवर्गीय फळमाशीला क्यू-ल्युर लागतं.

८. रब्बी ज्वारी लवकर पेरली की पोंगेमर का वाढते? वासाचा काही संबंध?

आहे, पण वासापेक्षा वेळेचा मोठा. खोडमाशीला उगवून आठवडाभर झालेल्या रोपापासून जेमतेम महिनाभराच्या रोपापर्यंतचीच ज्वारी हवी असते. कोवळ्या रोपाच्या वासावर मादी येते, पानाखाली एकेक पांढरं अंडं घालते, अळी पोंग्यात शिरते आणि मधला पोंगा वाळतो. ओढला की हातात येतो, बुडाला कुजका वास. सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरलं तर माशीचा जोर आणि रोपाचं कोवळं वय नेमकं गाठ पडतं. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ही पेरणीची शिफारस आहे. ओल उडून जायच्या भीतीनं लोक घाई करतात, ते मला कळतं. तशा वेळी बीजप्रक्रिया चुकवू नका आणि बियाणं थोडं जास्त टाकून पोंगेमर झालेली रोपं विरळणीत काढा.

या माशीला सडक्या मासळीचा वास भारी प्रिय. ओलं केलेलं फिशमील सापळ्यात ठेवलं की ती येते, आणि त्यात बहुतेक माद्या असतात. ज्वारीवरची माशी मासळीवर का येते, असं विचारू नका. अंडी पक्व व्हायला तिला प्रथिनं लागतात, एवढं पुरे.

जाता जाता: कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किरळ लागते ती त्यातल्या विषारी द्रव्यानं. ते द्रव्य जनावराला मारतं, खोडमाशीचं त्यानं काही अडत नाही.

९. टोमॅटोत झेंडू लावला, तरी टोमॅटोच किडले. झेंडूची गोष्ट थाप आहे का?

थाप नाही, पण त्यात एक तारीख दडलेली आहे आणि तीच बहुतेकांची चुकते. माझीही चुकली होती. पहिल्या वर्षी मी झेंडू आणि टोमॅटोची रोपं एकाच दिवशी लावली. टोमॅटो फुलावर आला तेव्हा झेंडूला नुसती कळी. पतंग सरळ टोमॅटोवर गेले, आणि झेंडू दसऱ्याला फुलला. तोरणं छान झाली.

शिफारस अशी आहे की टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं आणि उंच आफ्रिकन झेंडूचं ४५ दिवसांचं घ्यायचं आणि टोमॅटोच्या १६ ओळींमागं झेंडूची एक ओळ लावायची. म्हणजे दोघं एकदम फुलतात, आणि पतंगाला फुलाचा वास टोमॅटोपेक्षा झेंडूकडून जोरात येतो. (फुलांच्या वासाची ओढ प्रश्न ५ मध्ये आली आहे.)

दुसऱ्या वर्षी तसं केलं. अंधार पडल्यावर मोबाईलचा उजेड हातानं झाकून ओळीच्या टोकाला उभा राहिलो. एक भुरा पतंग झेंडूच्या शेंड्यापाशी पंख थरथरवत अधांतरी थांबायचा, क्षणभर टेकायचा, पुन्हा पुढच्या फुलावर. सकाळी बघितलं तर कळीच्या हिरव्या भागावर खसखशीएवढी पिवळट अंडी. टोमॅटोवरही होती, पण कमी.

आता खरी मेख. सापळा पीक नुसतं लावून सोडलं तर ते सापळा राहत नाही, किडीची रोपवाटिका होते. झेंडूवरच्या अळ्या वेचायच्या, किंवा फवारायचं तर त्याच ओळी फवारायच्या. हे होणार नसेल तर झेंडू लावूच नका.

१०. झेंडूसारखी आणखी कुठली सापळा पिकं आपल्याकडं चालतात?

तंबाखूवरची पाने खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा, हिच्यासाठी कडेनं एरंड. अंडी पुंजक्यानं असतात, पान तोडून संपवता येतात, म्हणून हे सोपं. कोबीला मोहरी: कोबीच्या २५ ओळींमागं मोहरीच्या दोन, एक लागवडीच्या १५ दिवस आधी आणि दुसरी २५ दिवसांनी. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये देशात आली आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात मक्यावर दिसली. तिच्यासाठी मक्याभोवती नेपिअर गवताच्या तीनचार ओळी सांगतात. गाई-म्हशी असतील तर नेपिअर तसंही लागतंच. वेळेची आणि वेचणीची अट सगळीकडं तीच, प्रश्न ९ पहा.

११. कांद्याला एवढा उग्र वास. तरी फुलकिडे कसे येतात?

उग्र कोणाला? तुम्हाला आणि मला. थंड देशांत कांद्याची माशी असते, ती कांद्याच्या गंधकयुक्त वासावरच कांद्यापर्यंत पोचते. जो वास इतरांना हाकलतो तो एकनिष्ठ किडीला बोलावतो. फुलकिड्यांना तर रंगही ओढतो, म्हणून निळे चिकट सापळे.

१२. हरभऱ्याच्या आंबीचा वास घाटेअळीला चालत नाही म्हणतात. मग अळी येते कशी?

आंब हे वासाचं काम नाही, चवीचं आणि पोटाचं आहे. पानांच्या लवेवर जे आंबट थेंब येतात त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. पहाटे हरभऱ्यातून चाललं की पाय चुरचुरतात ते त्यानं. जुनी माणसं रात्री रानात धडपं पसरून सकाळी आंब पिळून घ्यायची, पोटदुखीवर. ऑक्झॅलिक आम्लानं अळीची वाढ मंदावते, आणि जास्त आंबट वाणावर कीड कमी दिसते. पण पतंग लांबून येतो तो वासावर, तोपर्यंत आंब आड येत नाही. पावसानं आंब धुऊन गेली की अळीला आणखी मोकळं रान.

१३. मिश्रपीक घेतलं की पिकाचा वास लपतो, खरं का?

पुस्तकांत असं लिहिलेलं असतं आणि ऐकायला पटतं. पण फिंच आणि कोलियर या दोन कीटकशास्त्रज्ञांनी २००० साली वेगळं म्हणणं मांडलं, ते मला जास्त पटतं. वासानं मादीला ‘आता उतर’ एवढंच कळतं. उतरताना ती समोर दिसेल त्या हिरव्यावर उतरते. चहूकडं मातीच माती आणि मध्ये कोबी असेल तर ती कोबीवरच उतरणार. मध्ये दुसरं हिरवं असेल तर दोनतीनदा चुकीच्या पानावर उतरते, चव घेते, उडते, आणि शेवटी कंटाळून निघून जाते. वास लपलेला नसतो, तिची फजिती झालेली असते.

केनियात मक्यात डेस्मोडियम (एक शेंगवर्गीय चाऱ्याचं झुडूप) आणि भोवती नेपिअर लावून खोडकिडा आवरण्याची पद्धत १९९० च्या दशकात बसवली गेली. तिला ढकल-ओढ म्हणता येईल, आणि ती फार गाजली. डेस्मोडियम वासानं पतंग ढकलतं अशी समजूत होती. अलीकडं त्यावरही वाद आहे: काही संशोधकांच्या मते ते ढकलत नाही, त्याच्या आकडेदार लवेत अळ्या अडकून मरतात. पद्धत चालते यावर कोणाचं भांडण नाही, का चालते यावर आहे.

१४. डाळिंबाच्या फळाला रात्री पतंग भोकं पाडतात. धूर केला तर जातात का?

हा रस शोषणारा पतंग पिकत्या फळाच्या वासावर अंधार पडल्यावर येतो आणि सोंडेनं साल टोचतो. धुरानं वास मोडतो, पतंग बिचकतो, पण धूर आहे तोवरच. वारा फिरला की धूर तुमच्या डोळ्यात आणि पतंग फळावर. धूर करा, पण भरवसा त्यावर ठेवू नका. पडकी, तडकलेली फळं बागेत ठेवू नका, कारण आमंत्रणाचा वास तिथूनच सुटतो. आणि बांधावरची गुळवेल, वासनवेल बघा. या पतंगाच्या अळ्या डाळिंबावर नाही, त्या वेलींवर वाढतात. फळात शिरणारी सुरसा अळी वेगळी. तिचं फुलपाखरू दिवसा येऊन कळीवर, फळावर अंडी घालतं, तिथं धुराचा काही उपयोग नाही.

१५. पिनहोल बोरर डाळिंबाच्या बागेतल्या काही झाडांनाच आधी का धरतो? शेजारचं झाड तर ठणठणीत.

सांगोल्याकडं बागाच्या बागा काढाव्या लागल्या, त्यामुळं हा प्रश्न पोटतिडकीनं येतो. खोडात टाचणीएवढी भोकं, बुडाशी पिठासारखा भुसा, पानं पिवळी. हा भुंगेरा लाकूड खात नाही. आत बोगदे पाडून बुरशी लावतो आणि ती बुरशी खातो, म्हणजे तोही शेतकरीच.

झाडाची मुळं पाण्यात बसली, हवा मिळाली नाही, की झाडात इथेनॉल तयार होतं. साधं अल्कोहोल, दारूतलं. ते खोडातून बाहेर झिरपतं. आपल्या नाकाला पत्ता नाही, पण या गटातल्या बऱ्याच भुंगेऱ्यांना तेवढ्यावर कळतं की हे झाड खचलंय, इथं झाडाचा प्रतिकार कमी. ठणठणीत झाड हा वास सोडत नाही म्हणून आधी सुटतं. मात्र भुंगेऱ्यांची संख्या वाढली की ते चांगल्या झाडालाही सोडत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

म्हणून सांगणं असं. बहार धरताना ताण द्या, पण झाड मरणाला टेकेल असा नको. ताण तोडताना एकदम पाट सोडल्यासारखं पाणी नको. ठिबकची नळी खोडाला चिकटून असेल तर लांब सरकवा. मर लागलेलं झाड ‘सुधारेल’ म्हणून वर्षभर ठेवू नका. काढलेलं खोड बांधावर रचून ठेवणं तर सगळ्यात वाईट, त्यातून भुंगेरे निघतच राहतात, ते जाळा. खोडाला लेप लावायचा तर भुंगेरा आत शिरायच्या आधी. आत गेल्यावर वरून लावलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशी बघा, लेपात काय किती घालायचं ते तिथलंच धरा.

१६. दशपर्णी, निंबोळी अर्क वासानं कीड पळवतात का?

थोडा वेळ. आपल्याकडच्या ४२ अंशांत कुठलाही उडणारा वास दुपारपर्यंत टिकत नाही, म्हणून असली फवारणी संध्याकाळी. निंबोळी अर्काचं खरं काम वासाचं नाही. त्यातलं ॲझाडिरॅक्टिन अळीच्या तोंडाला नकोसं होतं आणि तिची कात टाकणं बिघडवतं. म्हणून पान दोन्ही बाजूंनी भिजलं पाहिजे आणि अळी लहान पाहिजे. शेताला ‘कडू वासाचं कुंपण’ घालायला फवारणी करत असाल तर पैसे वाया.

आणि कडुनिंबाला सगळ्या किडी भितात असं ज्यांना वाटतं, त्यांनी वळवाचा पहिला मोठा पाऊस झाल्यावर संध्याकाळी बांधावरच्या लिंबाखाली उभं राहावं. हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून नेमके कडुनिंब आणि बाभळीवर जमतात आणि पाला खातात. फांद्या हलवा, खाली रॉकेलच्या पाण्याची पाटी ठेवा, आणि उसातली पुढची हुमणी त्या आठवड्यातच कमी करा.

१७. कीड लागलेल्या झाडाचा वास बदलतो का?

बदलतो, आणि तो आपल्या बाजूनं असतो. अळीनं पान कुरतडलं की तिच्या लाळेमुळं झाड वेगळीच द्रव्यं सोडतं, नुसत्या कात्रीनं कापल्यावर तसं होत नाही. मक्यावर १९९० च्या सुमारास हे स्पष्ट झालं. त्या वासावर परोपजीवी गांधीलमाश्या येतात आणि अळीत अंडी घालतात. झाडानं हाक मारली, मदत आली, आणि नेमकं त्याच दिवशी आपण जहाल फवारा मारला तर मदतीला आलेलेच मरतात. हरभऱ्यात कडेनं धने टाकले तर या माश्यांना फुलातला मध मिळतो, त्या टिकतात.

१८. माझ्या शेतात वास चालतो का, हे घरच्या घरी कसं बघू?

पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या. वरच्या भागात बोटभर भोकं पाडा. एकीत थोड्या पाण्यात पिकलेला पेरू कुस्करून टाका (ज्वारी असेल तर ओलं फिशमील), दुसरीत नुसतं पाणी. दोन्हींत चिमूटभर कपड्याची पावडर, म्हणजे पडलेली माशी बुडते. सारख्या उंचीवर, वीसेक पावलांवर बांधा. तीन दिवसांनी दोन्हींतलं मोजून लिहा, मग बाटल्यांची जागा अदलाबदल करा आणि पुन्हा तीन दिवस. असं चार वेळा. जागा बदलायला विसरू नका. मी पहिल्यांदा विसरलो होतो, आणि आठवडाभर नुसत्या पाण्याची बाटली जिंकत होती. ती उकिरड्याच्या बाजूला होती.